विश्लेषण : ‘रुपयांत पैसे भरायचे का?’ परदेशातील कार्ड मशीनच्या प्रश्नात दडलेली वटणावळ

दुबईतील मॉल असो, बँकॉकमधील हॉटेल असो की पॅरिसमधील एटीएम; भारतीय कार्ड मशीनला लावले की पडद्यावर अनेकदा एक प्रश्न झळकतो. रक्कम तिथल्या चलनात भरायची की भारतीय रुपयांत? दिऱ्हॅम, बाट, युरो यांचा हिशेब डोक्यात करून दमलेल्या प्रवाशाला रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो. तो रुपयांचे बटण दाबतो आणि नेमकी तिथेच खिशाला चाट बसते. हे शुल्क बिलावर वेगळे दिसत नाही, कारण ते विनिमय दरातच मिसळलेले असते. त्यासाठी परदेशातच असावे लागते असेही नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत बसून एखाद्या संकेतस्थळावर रुपयांत बिल भरणाऱ्यालाही याचा फटका बसू शकतो. हे शुल्क नेमके काय असते, ते कोण घेते आणि ते कसे टाळता येते?

‘डीसीसी’ म्हणजे काय?

परदेशातील मशीनवर रुपयांत पैसे भरण्याच्या या सोयीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणजे डीसीसी म्हणतात. कार्डावरील पहिल्या काही आकड्यांवरून ते कोणत्या देशातील बँकेचे आहे हे मशीनला कळते. कार्ड भारतीय असेल तर मशीन त्या क्षणी रुपयांतील रक्कम काढून ग्राहकापुढे ठेवते.

एरवी व्यवहार असा होतो : दुकानदार त्याच्या चलनात रक्कम घेतो, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखे कार्ड नेटवर्क त्या दिवसाच्या आपल्या दराने तिचे रूपांतर करते आणि भारतातील बँक ती रक्कम, आपले शुल्क जोडून, ग्राहकाकडून वसूल करते. डीसीसी निवडल्यावर रूपांतराचे काम नेटवर्ककडे न जाता दुकानातील मशीनमागच्या यंत्रणेकडे जाते. दर तीच ठरवते. कार्ड नेटवर्कचे दर घाऊक बाजारातील दरांच्या जवळपास असतात. डीसीसीचा दर त्याहून चढा असतो. तो तीन-चार टक्क्यांपासून सात-आठ टक्क्यांपर्यंत, तर काही एटीएमवर त्याहूनही जास्त चढा असू शकतो.

हे पैसे कोणाच्या खिशात जातात?

दुकानदाराला मशीन पुरवणारी बँक, चलन बदलून देणारी मधली कंपनी आणि स्वतः दुकानदार अशा तिघांत हा नफा साधारणपणे वाटला जातो. त्यामुळे रुपयांचा पर्याय ग्राहकाच्या गळी उतरवण्यात दुकानदाराचाही फायदा असतो. काउंटरवरचा कर्मचारी ‘तुमच्यासाठी रुपयांत केले आहे’ असे आपुलकीने सांगतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

पडद्यावरची भाषाही याला मदत करते. ‘हमी असलेला दर’, ‘कमिशन नाही’, ‘किती रुपये जाणार हे आत्ताच कळेल’ अशी ती वाक्ये असतात. त्यांत खोटे काही नसते. दराची हमी असते, फक्त तो दर महाग असतो. कमिशन वेगळे लावलेले नसते, कारण ते दरात आधीच धरलेले असते. एटीएमवर तर ‘रूपांतर स्वीकारा’ हे बटण ठळक असते आणि ‘रूपांतर नाकारा’ हे असे लिहिलेले असते की ते दाबले तर व्यवहारच रद्द होईल, अशी भीती वाटावी. प्रत्यक्षात रूपांतर नाकारले तरी पैसे मिळतात, फक्त चलन बदलण्याचे काम नेटवर्ककडे जाते.

जुन्या पुण्यात याला काय म्हणत?

आप्पा बळवंत चौक, तापकीर गल्ली, दगडूशेठ गणपती, नानावाडा हे सारे ज्या बुधवार पेठेत येते, त्या भागाला चलन बदलण्यातला छुपा खर्च नवा नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. प्रत्येकाचे वजन आणि चांदीचा कस वेगळा. एका प्रकारचा रुपया देऊन दुसऱ्या प्रकारचा घ्यायचा तर सराफ नाणे पारखून ‘बट्टा’ कापून घेई. नाणे बदलण्याच्या मोबदल्याला ‘वटणावळ’ आणि हुंडीवरच्या आकाराला ‘हुंडणावळ’ म्हणत. अर्थशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत विनिमय दराला ‘हुंडणावळीचा दर’ असेच म्हटलेले आढळते. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकाच प्रकारच्या रुपयाचा कायदा केला आणि पुढे हळूहळू ही नाणी चलनातून गेली. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार मात्र भाषेत राहिला.

सराफाच्या पेढीवर बट्टा किती हे तोंडावर सांगितले जाई आणि त्यावर घासाघीस करता येई. कार्ड मशीनवर वटणावळ कापली जातेच, पण तिचा आकडा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एवढाच काय तो दोन काळांतला फरक.

स्थानिक चलन निवडले की शुल्क पूर्ण वाचते का?

नाही. परदेशी प्रवासाविषयीच्या बहुतेक सल्ल्यांत ‘नेहमी स्थानिक चलन निवडा’ एवढेच सांगितलेले असते. तो सल्ला बरोबर आहे, पण भारतीय कार्डधारकासाठी अपुरा आहे.

भारतातील अनेक क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर परकीय चलनातील प्रत्येक व्यवहाराला ‘फॉरेक्स मार्कअप’ लागतो. बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के असतो. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण भार ४.१३ टक्के होतो. काही महागड्या कार्डांवर मार्कअप २ टक्के असतो, तर मार्कअप अजिबात न लावणारी कार्डेही आता काही बँका देतात. हा आकडा कार्डाच्या जाहिरातीत सहसा नसतो. बँकेच्या ‘सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती’ म्हणजे एमआयटीसी या दस्तऐवजात तो सापडतो.

ग्राहकाने रुपयांचे बटण दाबले म्हणून भारतीय बँक आपले शुल्क माफ करते असेही नाही. परदेशात झालेला व्यवहार रुपयांत असला तरी त्यावर अनेक बँका वेगळे ‘डीसीसी मार्कअप’ लावतात. एचडीएफसी बँकेने आपल्या क्रेडिट कार्डांवर १ जानेवारी २०२३ पासून असे १ टक्का शुल्क लागू केले. इतर काही मोठ्या बँकांच्या दरपत्रकांतही १ टक्का किंवा त्याहून थोडे जास्त शुल्क दिसते. त्यावरही १८ टक्के जीएसटी आहेच. म्हणजे रुपये निवडणारा ग्राहक आधी परदेशातील मशीनवाल्याला वटणावळ देतो आणि मग घरच्या बँकेलाही देतो.

प्रत्यक्षात किती फरक पडतो?

हिशेबासाठी एक दिऱ्हॅम म्हणजे २५ रुपये असा सोपा दर धरू. दुबईत १,००० दिऱ्हॅमची खरेदी झाली. नेटवर्कच्या दराने तिचे मूळ मूल्य २५,००० रुपये.

पहिला मार्ग : ३.५ टक्के मार्कअप असलेले कार्ड आणि मशीनवर दिऱ्हॅम निवडले. मार्कअप ८७५ रुपये, त्यावर जीएसटी १५७.५० रुपये. एकूण २६,०३२.५० रुपये.

दुसरा मार्ग : तेच कार्ड, पण मशीनवर रुपये निवडले आणि डीसीसीचा दर ६ टक्के चढा होता. मशीनवरची रक्कम २६,५०० रुपये. त्यावर बँकेचे १ टक्का म्हणजे २६५ रुपये आणि जीएसटी ४७.७० रुपये. एकूण २६,८१२.७० रुपये.

तिसरा मार्ग : २ टक्के मार्कअपचे कार्ड आणि दिऱ्हॅम. एकूण २५,५९० रुपये.

चौथा मार्ग : मार्कअप नसलेले कार्ड आणि दिऱ्हॅम. एकूण २५,००० रुपये.

या आकड्यांत एक गोष्ट ठळकपणे दिसते. ३.५ टक्क्यांच्या कार्डावर योग्य बटण दाबल्याने ७८० रुपये वाचले. पण योग्य कार्ड नेले असते तर आणखी १,०३२ रुपये वाचले असते. डीसीसीचा दर केवळ ३ टक्के चढा असेल तर ३.५ टक्के मार्कअपच्या कार्डावर दोन्ही बटणांत जवळपास काहीच फरक राहत नाही. पहिल्या मार्गाने २६,०३२ रुपये आणि दुसऱ्याने २६,०५४ रुपये जातात. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील ग्राहकांसाठी लिहिलेला सल्ला भारतीयांनी जसाच्या तसा घेऊन चालत नाही. तिकडे परदेशी व्यवहारावर शुल्क न लावणारी कार्डे सहज मिळतात, म्हणून डीसीसी नाकारले की त्यांचे काम होते. इथे बटण हा प्रश्नाचा एक भाग आहे. दुसरा आणि बहुतेकदा मोठा भाग म्हणजे खिशातील कार्ड.

चार जणांच्या कुटुंबाने सहलीत कार्डावर २ लाख रुपयांचा खर्च केला, तर ४.१३ टक्क्यांनी ८,२६० रुपये केवळ मार्कअपमध्ये जातात. परदेशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला तिथले बँक खाते मिळेपर्यंत पहिले तीन महिने घरभाडे, किराणा, बसचा पास असा दरमहा एक लाखाचा खर्च भारतीय कार्डावर करावा लागला, तर १२,३९० रुपये जातात. शैक्षणिक कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. शिवाय ती टाळण्यासाठी काही खर्चही करावा लागत नाही, फक्त निघण्याआधी कार्ड तपासावे लागते.

बुधवार पेठेत बसून परदेशी शुल्क कसे लागते?

डीसीसी मार्कअपच्या अटीचा दुसरा भाग अनेकांच्या नजरेतून सुटतो. व्यापारी भारतात सेवा देत असला, किंमत रुपयांत दाखवत असला, तरी त्याची नोंदणी परदेशात असेल तर तो व्यवहार बँकेच्या लेखी आंतरराष्ट्रीय ठरतो आणि त्यावर हे शुल्क लागू शकते. परदेशी विमान कंपन्या, हॉटेल आरक्षणाची संकेतस्थळे, सॉफ्टवेअर आणि क्लाउडची वर्गणी, ऑनलाइन जाहिराती अशा व्यवहारांत हे संभवते.

समजा, तापकीर गल्लीतील एखादा इलेक्ट्रॉनिक्स व्यापारी दरमहा २०,००० रुपयांच्या ऑनलाइन जाहिराती कार्डावर देतो आणि पैसे घेणारी कंपनी परदेशात नोंदलेली आहे. १ टक्का शुल्क आणि जीएसटी धरून महिन्याला २३६ रुपये, वर्षाला २,८३२ रुपये जातात. समजा, आप्पा बळवंत चौकाजवळच्या एखाद्या घरातून मुलाचे ८०,००० रुपयांचे विमान तिकीट परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावरून रुपयांत काढले. ९४४ रुपये जादा लागू शकतात. दोन्ही वेळी ग्राहकाने परकीय चलन पाहिलेलेही नसते.

ओळखायचे कसे? कार्डाच्या मासिक विवरणात व्यापाऱ्याच्या नावापुढे शहर किंवा देशाचे नाव असते. तिथे सिंगापूर, आयर्लंड, नेदरलँड्स असे काही दिसले आणि खाली एखादी छोटी वेगळी रक्कम जीएसटीसह आकारलेली असली, तर ती याच शुल्काची असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी त्या सेवेचे भारतीय नोंदणी असलेले बिलिंग उपलब्ध आहे का, किंवा यूपीआय अथवा नेटबँकिंगने पैसे भरता येतात का, हे पाहावे. संकेतस्थळावर चलन निवडण्याची सोय असेल, तर मार्कअप नसलेले कार्ड असणाऱ्याला मूळ परकीय चलन निवडणे स्वस्त पडते.

एटीएम आणि हॉटेलात काय जपावे?

एटीएमवर तीन वेगवेगळी शुल्के एकावर एक चढू शकतात. पहिले त्या एटीएमचे स्वतःचे. थायलंडमधील अनेक एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाटच्या आसपास घेतात. दुसरे भारतीय बँकेचे पैसे काढण्याचे शुल्क आणि मार्कअप. तिसरे डीसीसी. यातले तिसरे ‘रूपांतराशिवाय पुढे चला’ हा पर्याय निवडून पूर्ण टाळता येते. पहिले दोन दर वेळी लागत असल्याने थोडे-थोडे काढण्याऐवजी लागेल तेवढी रक्कम एकदाच काढणे बरे. क्रेडिट कार्डाने मात्र परदेशात रोख काढूच नये. रोख रकमेवर साधारण अडीच टक्क्यांच्या आसपास वेगळे शुल्क लागते आणि व्याजाचा मीटर पहिल्याच दिवसापासून सुरू होतो.

हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांत डीसीसी वेगळ्या वाटेने येते. खोली घेताना कार्डाची नोंद करतात, त्या वेळी सही घेतलेल्या कागदावर ‘बिल कार्डाच्या चलनात आकारावे’ अशी ओळ असू शकते. खोली सोडताना मग कोणी विचारत नाही. म्हणून सही करण्यापूर्वीच ‘लोकल करन्सी’ असे सांगून कागदावर तसे लिहून घ्यावे.

टॅप करून पैसे देताना तर पडदा ग्राहकाकडे वळवलेलाच नसतो आणि बटण कर्मचारी दाबतो. अशा वेळी बँकेचा संदेश उपयोगी पडतो. दुबईतील खरेदीचा संदेश दिऱ्हॅममध्ये आला तर व्यवहार स्थानिक चलनात झाला. थेट रुपयांत आला तर डीसीसी झाले असण्याची शक्यता मोठी. दुकानातून बाहेर पडण्याआधी संदेश पाहिला, तर तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगता येते.

वस्तू परत केली तर? परतावा त्या दिवसाच्या दराने येतो आणि आधी घेतलेला मार्कअप परत मिळेलच असे नाही. त्यामुळे मोठ्या खरेदीत ‘आवडले नाही तर परत करू’ हा विचार परदेशात महाग पडू शकतो.

फॉरेक्स कार्ड घेतले तर सुटका होते?

प्रीपेड फॉरेक्स कार्डात डॉलर, युरो असे चलन आधीच भरून ठेवतात. ज्या चलनाचे पैसे भरले त्याच चलनात खर्च केला, तर वेगळा मार्कअप लागत नाही आणि दरातील चढउताराची धास्तीही राहत नाही. पण चलन भरताना बँक जो विक्री दर लावते त्यात तिचा नफा असतो आणि उरलेले पैसे परत घेताना खरेदी दर कमी असतो. शिवाय चलन खरेदीवर जीएसटीही लागतो.

खरी अडचण चलन जुळत नाही तेव्हा येते. डॉलर भरलेले कार्ड दुबईत किंवा थायलंडमध्ये वापरले की ‘क्रॉस करन्सी’ शुल्क लागते. त्यात मशीनवर चुकून रुपये निवडले, तर दिऱ्हॅमचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा डॉलर असे दोनदा रूपांतर होते. फॉरेक्स कार्ड भारतीय बँकेचे असल्याने मशीन रुपयांचा प्रश्न विचारू शकते, म्हणून ही चूक सहज घडते. एकाच देशात जाणाऱ्या आणि त्या देशाचे चलन कार्डात भरता येणाऱ्या प्रवाशाला हा पर्याय सोयीचा आहे. चार देश फिरणाऱ्याला मार्कअप नसलेले साधे कार्ड बहुतेकदा जास्त परवडते.

परदेशातून पुण्यात येणाऱ्यांनाही हाच नियम?

होय, फक्त उलट्या बाजूने. सुट्टीत अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातून आलेली मराठी कुटुंबे लक्ष्मी रस्त्यावर साड्या, दागिने, भांडी यांची मोठी खरेदी करतात. भारतातही काही बँकांची मशीन परदेशी कार्डाला डीसीसीचा पर्याय देतात. तिथे डॉलर किंवा पौंडातील आकडा ओळखीचा वाटतो. त्यांच्यासाठी स्थानिक चलन म्हणजे रुपया, म्हणून रुपयेच निवडायचे. त्यांच्या कार्डावर परदेशी व्यवहाराचे शुल्क नसेल, तर डॉलर निवडल्याने होणारा तोटा पूर्णपणे अनाठायी असतो.

यूपीआय आणि टीसीएसचे काय?

भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स, श्रीलंका आणि मॉरिशस येथे काही ठिकाणी भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरपासून सुरुवात झाली. त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये ही सेवा सुरू झाली. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू करावे लागते. ही सेवा मोफत असते असा समज आहे, तो बरोबर नाही. यातही चलनाचा दर आणि बँकेचे शुल्क असू शकते, म्हणून पिन टाकण्यापूर्वी ॲपवर दिसणारी रुपयांतील रक्कम पाहावी.

टीसीएसबाबतही मोठा गोंधळ आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने परदेशातील क्रेडिट कार्ड खर्च ‘उदारीकृत प्रेषण योजने’खाली आणण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कार्डावरील खर्चावर २० टक्के कापले जाणार अशी चर्चा झाली. २८ जून २०२३ रोजी अर्थ मंत्रालयाने क्रेडिट कार्डांपुरता तो निर्णय पुढे ढकलला. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्डावरील खर्च मात्र या योजनेत मोजला जातो. १ एप्रिल २०२५ पासून टीसीएससाठीची वार्षिक मर्यादा ७ लाखांवरून १० लाख रुपये झाली. मुख्य म्हणजे टीसीएस हा आगाऊ कर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. मार्कअप आणि डीसीसीचे पैसे मात्र गेले ते गेले.

नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत का?

बऱ्याच अंशी आहेत. डीसीसी हा पर्याय आहे, तो ग्राहकाला विचारूनच वापरला पाहिजे आणि दर व रक्कम दाखवली पाहिजे, असे व्हिसा आणि मास्टरकार्डचे नियम सांगतात. युरोपीय संघाने आपल्या ग्राहकांसाठी १९ एप्रिल २०२० पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. डीसीसीचा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के चढा आहे, हे व्यवहाराआधी सांगणे तिथे बंधनकारक झाले. एकच टक्केवारी समोर असली की तुलना सोपी होते. डीसीसी सरसकट बंद का करत नाहीत, या प्रश्नाचे एक उत्तर ऑस्ट्रेलियात सापडते. व्हिसाने २०१० मध्ये डीसीसीच्या विस्ताराला आडकाठी केली, तेव्हा तिथल्या स्पर्धा आयोगाने ते स्पर्धाविरोधी ठरवून खटला भरला आणि २०१५ मध्ये न्यायालयाने व्हिसाला १ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. म्हणजे चलन बदलण्याच्या धंद्यात स्पर्धा हवी, असे कायदा मानतो. त्या स्पर्धेत स्वस्त पर्याय ओळखणे मात्र ग्राहकावर सोडलेले आहे.

न विचारता रुपयांत व्यवहार केला असेल तर पावती जपून ठेवावी, शक्य असल्यास तिचा फोटो काढावा आणि परतल्यावर आपल्या बँकेकडे वादग्रस्त व्यवहार म्हणून तक्रार करावी. पावतीवर ग्राहकाने डीसीसी स्वीकारल्याचा मजकूर आणि खाली सही असेल, तर दावा कमकुवत होतो. म्हणून सही करण्याआधी पावतीवरचे चलन वाचावे. भारतीय बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

निघण्यापूर्वी काय करावे?

आपल्या प्रत्येक कार्डाच्या एमआयटीसीमध्ये ‘फॉरेक्स मार्कअप’ आणि ‘डीसीसी मार्कअप’ हे दोन आकडे शोधावेत आणि सर्वांत कमी मार्कअपचे कार्ड परदेशासाठी वेगळे ठेवावे. मार्कअप नसलेले नवे कार्ड घ्यायचे असेल, तर त्याची वार्षिक फी आणि एकूण खर्च यांचा मेळ बसतो का ते पाहावे. वर्षातून एकदाच ३०,००० रुपयांचा परदेशी खर्च असेल, तर ४.१३ टक्क्यांनी वाचणारे १,२३९ रुपये कार्डाच्या फीतच जातील.

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून मर्यादा ठरवावी आणि परतल्यावर तो बंद करावा. एकच कार्ड अडले तर पंचाईत नको, म्हणून दुसऱ्या नेटवर्कचे एक जादा कार्ड आणि थोडी रोख जवळ असावी. घरातले ज्येष्ठ टूर कंपनीबरोबर एकटे जाणार असतील, तर त्यांच्या मोबाइलमध्ये जाणार त्या देशाच्या चलनाचे तीन अक्षरी संक्षिप्त नाव लिहून द्यावे. मशीनवर ते नाव दिसले की तेच बटण दाबायचे आणि भारतीय रुपयाचे दिसले की नाही म्हणायचे, एवढे सांगितले तरी पुरते.